वरच्या जबड्यातलं हाड

बंगळूर
६ जानेवारी २००२

आप्पा,

नमस्कार मागाहून. आधी एवढं सांगा, काल आई फोनवर म्हणाली ते खरं आहे का? ओझरच्या गेणभाऊंना तुम्ही शब्द दिलात? त्यांच्या ऋषीसाठी? माझा?

आई म्हणाली, "अगं, लई चांगलं स्थळ हाये. पोरगा बी दाताचाच डॉक्टर. नारायणगावात सोताचा दवाखाना हाये." मी विचारलं, सुपारी फुटली का? तर म्हणाली, "न्हाई, शब्द दिलाय फकस्त." फक्त! तुम्ही कुणाला शब्द दिला की तो मोडत नाही, हे सगळ्या अवसरीला माहीत आहे, मग मला माहीत नाही का? माझ्यामागं फोनसाठी मुली रांगेत उभ्या होत्या, म्हणून मी ओरडले नाही. फोन ठेवला आणि खोलीवर आले. पुन्हा फोन करावा म्हटलं, तर तिकडं ओट्यावर चार माणसं बसलेली असणार आणि तुम्ही "बरं बरं, ठेव" म्हणून मोकळे होणार. पत्र तरी शेवटपर्यंत वाचावं लागेल.

डिसेंबरात तुम्ही जानकूमामाला घेऊन इथं आला होतात. तुमच्या वरच्या जबड्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सरांच्या शेजारी उभी होते. नंतर वॉर्डात तुमच्या उशाशी बसून मी सांगितलं होतं, इंटर्नशिप संपत आली, आता मला एमडीएस करायचंय, जबड्याची सर्जरी, फेब्रुवारीत परीक्षा आहे. तुमच्या तोंडात कापसाचे बोळे होते. तुम्ही मान हलवलीत. ती मान कशासाठी हलवलीत? आणि गावी जाऊन महिनाही झाला नाही तोवर मला देऊन मोकळे?

मी त्या मुलाला पाहिलेलं नाही. त्यानं मला पाहिलेलं नाही. आणि माझं आयुष्य तुम्ही देवळाच्या आवारात ठरवून आलात.

आता पथ्याचं. राग आला म्हणून हे लिहायचं सोडता येत नाही. नाक अजिबात शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, दाबायची नाही. ओरडायचं नाही. घाटात बैलगाड्याच्या शर्यती सुरू होतील, लोक गाडे पुकारायला बोलवतील, पण यंदा माईक हातात घ्यायचा नाही. का, ते पुन्हा सांगते. गालाच्या आत, नाकाच्या बाजूला पोकळी असते. वरचे दात गेले की तिच्या खालचं हाड झिजत जातं. तुमचं पापडाएवढं उरलं होतं. त्यात दाताचे खिळे बसणार कसे? म्हणून बाजूनं छोटी खिडकी पाडून आतलं पातळ कातडं वर उचललं, अंड्याच्या कवचाला आतून असतं तसं असतं ते, आणि त्याच्याखाली हाडाची पावडर भरली. दोन्ही बाजूंना. तिचं घट्ट हाड व्हायला पावसाळा उजाडेल. मग खिळे, मग त्यावर दात. तोवर ते कातडं फाटता कामा नये. जोरात नाक शिंकरलंत तर फाटेल.

त्या गेणभाऊंना कळवा की मुलीला विचारल्याशिवाय बोललो. असंच कळवा.

स्नेहल


अवसरी बुद्रुक
१४ जानेवारी २००२

स्नेहल,

आज संक्रांत. तिळगूळ घे, गोड बोल असं लिहायचा दिवस. लिहवत नाही.

बापाला असं पत्र लिहितात का? "असंच कळवा." मी तुझ्या कॉलेजातला शिपाई आहे का?

आधी तुझ्या गोष्टीचं सांगतो, मग माझ्या. ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेलो होतो. ऑपरेशन नीट झालं म्हणून नवस फेडायचा होता. तिथं गेणभाऊ भेटला, मुलगा बरोबर होता. गेणभाऊ माझा घाटातला जुना जोडीदार. मी माईकवर, तो झेंड्याला. पोरगं शिकलेलं, निर्व्यसनी, घरी बागायत. आपल्या पोरीला अशी जागा चालून आली तर बापानं काय करायचं? मी तुझ्या परीक्षेचं ऋषीला सांगितलं. लपवलं नाही. तो म्हणाला, "पोरींनी दात भरावेत, लहान मुलांचं बघावं. हाडाची कामं माझ्याकडं हायेत." मला त्यात वावगं दिसलं नाही. तू मांडीवर असताना तुला ताप आला तर कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं ते मी तुला विचारून ठरवलं नव्हतं.

आता माझं. तिथंच मंडपात प्रसाद घ्यायला बसलो होतो. मी न चावता नुसतं गिळत होतो. ऋषीनं कारण विचारलं. मी ऑपरेशन झाल्याचं सांगितलं, कौतुकानंच. माझी लेक तिथं उभी होती, हेही. मग तो म्हणाला,

"आत काय भरलंय, काका?"

"हाडाची पावडर."

"ते झालं. पन कुणाच्या हाडाची?"

"म्हंजी?"

"तसं बैला-गाईच्याच हाडाची आसती भौतेक. भायेरच्या देशातनं येती. तुमाला सांगितलं आसंल की त्यांनी."

गेणभाऊ हसून हसून खोकायला लागला. "सोपानराव, आता बैल तुमच्या तोंडातच जुपला की वो!" शेजारच्या पंगतीतली माणसं पण हसली. घाटात माझी कवळी माईकवर निसटली होती तेव्हा हसले होते तसेच. त्या हसण्याला कंटाळून तर मी बंगळूरला आलो.

मी म्हणालो, नाही, माझ्या मुलीनं सांगितलं असतं.

आपला सोन्या बैल गेला तेव्हा तू पाचवीत होतीस. कातडं-हाडं घेणारे टेम्पो घेऊन दारात आले होते. मी त्यांना हाकललं आणि बांधाला खड्डा घेऊन, मीठ टाकून, पाटलाच्या मयताला जमतात तेवढ्या माणसांत त्याला पुरला. मंचरच्या बाजाराला म्हातारा बैल मी कधी नेला नाही. हे तुला माहीत नाही असं नाही.

आणि एक आठवतंय. ऑपरेशनच्या आधी तुझे सर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि इंग्रजीत लई वेळ बोलले. हातवारे करून, कागदावर चित्र काढून. मग तू मराठीत सांगितलंस, ते दोन वाक्यांत संपलं. मला वाटलं, इंग्रजीला शब्द जास्त लागत असतील.

हो का नाही, एवढंच लिही.

सोपान


बंगळूर
२१ जानेवारी २००२

आप्पा,

हो.

बैलाच्या हाडाची आहे. त्यातलं सगळं चरबी-मांस जाळून काढलेलं असतं, नुसती चुन्यासारखी रवाळ पावडर उरते. पण आहे बैलाचीच. ती मीच वाटीत तुमच्या रक्तात कालवली आणि सरांच्या हातात दिली.

सरांना यात ओढू नका. त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. अगदी समोर बसून. मध्ये मी होते. तुमच्यापर्यंत काय जाऊ द्यायचं ते मी ठरवलं. कारण सांगितलं असतं तर तुम्ही त्याच पावली खुर्चीवरून उठला असता, मामाला हाक मारली असती आणि गाडी पकडली असती. मग पुन्हा ती कवळी. पुन्हा भाकरी दुधात बुडवून, आणि घाटात माणसं हसली की घरी येऊन आईवर डाफरणं. मला ते बघवत नव्हतं. गेली तीन वर्षं तुम्ही हसताना तोंडावर हात धरता, हे तुमच्या लक्षात तरी आलंय का?

माझं चुकलं. हे मी गोलगोल लिहीत नाही. शिकवताना आम्हाला पहिली गोष्ट हीच सांगतात की पेशंटच्या अंगात त्याला न विचारता काही घालायचं नाही. मी घातलं, आणि तेही स्वतःच्या बापाच्या.

पण आप्पा, हे वाचून तुम्हाला संताप येतोय ना, की माझ्या तोंडात काय जाणार ते मला न विचारता कुणी ठरवलं? हाच संताप मला ६ तारखेला आला होता. तुम्ही त्यावर काय लिहिलंत? "मांडीवर असताना विचारलं नव्हतं." मी आता चोवीस वर्षांची आहे. तुमच्या तोंडात चमचाभर पावडर गेली. माझं सगळं घर, नाव, हात, काम, सगळं तुम्ही त्या मंडपात उचलून दिलंत, आणि वर "वावगं दिसलं नाही."

मुलींनी लहान मुलांचं बघावं म्हणे! तुमच्या डाव्या बाजूचे टाके कुणी घातले, विचारा त्याला. मी घातले. सर नुसते बघत होते.

मी त्या मुलाशी लग्न करणार नाही. हे तुमच्यावर रागावून नाही, आधीपासूनच नाही.

आणि हात जोडून एक मागते. पावडरीचं काहीही करू नका. बोटानं दाबू नका, नाक शिंकरून काढायला जाऊ नका. ते असं निघत नाही, फक्त आत पू होईल. चिडायचं तर माझ्यावर चिडा.

स्नेहल


अवसरी
४ फेब्रुवारी

स्नेहल बाळा,

मी तुझी आई. माझं अक्षर वाईट हाये, लागंल तसं वाच. फोन लावला तर तू वसतिगृहात न्हाईस म्हनत्यात, आन घरातनं बोलायचं तर ह्ये ऐकत्यात.

तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते खिशात घातलं आन मळ्यात गेले. दुसऱ्या दिवसापासनं न्हाणीत जाऊन नाक शिंकरायला सुरवात. एवढ्या जोरानं, की शेजारची कुशाबाई इचारायला आली, सोपानभाऊला काय झालं म्हनून. मी म्हनलं, आवो पोरीनं नको सांगितलंय. तर म्हनले, "त्या पोरीचं नाव काढू नको. बैल बाहीर काढतोय मी." मंग घाटात यात्रा व्हती तिथं गेले. माईक घेतला. दिवसभर वरडले. घरी आले तवा नाकातनं रगात आन बारीक बारीक कणी यीत व्हती, रवा सांडावा तशी. ते हातावर घिऊन बघत बसले.

आता उजवा गाल सुजून डोळा झाकलाय. ताप हाये. नाकातनं लई घान वास येतो. मंचरच्या डॉक्टरनं सांगितलं पुन्याला न्या. ह्ये उठत न्हाईत. म्हनत्यात पोरीला कळवू नको.

म्हनून कळवते.

आन माझं बी आईक. तुमी दोघं बी एका वळनाची. तू म्हनतीस मला इचारलं न्हाई, ह्ये म्हनत्यात मला इचारलं न्हाई. आगं, तुझं लगीन ठरवताना मला कुनी इचारलं? त्यांला बंगळूरला न्यायचं ठरलं तवा मला कुनी इचारलं? मी डबा भरून दिला. तुमच्या भांडनात जीव माझा जातोय. तुमाला मोठा राग हाये, मला न्हाई का?

लगीच निघ.

आई


अवसरी बुद्रुक
६ मार्च २००२

स्नेहल,

पुण्याहून सोडलं त्याला आता पंधरवडा होत आला. ताप नाही. सूज उतरली. नाक उघडलं. जेवतो.

तू आलीस, जीपमध्ये घातलंस, पुण्याच्या डॉक्टरांशी बोललीस, नर्सला झापलंस, जानकूला औषधाला पळवलंस, आईला जेवायला लावलंस. माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. त्यांनी उजवी बाजू पुन्हा उघडली, सगळं साफ करून काढलं, तेव्हाही तू आत उभी होतीस म्हणे. बाहेर आलो तर तू खिडकीशी उभी, रस्त्याकडं तोंड करून. मग एक दिवस आईच्या पाया पडलीस आणि गेलीस. माझ्या पाया पडली नाहीस. पडू नको. पण एवढा कसला माज? चूक तुझी, आणि अबोला पण तुझाच?

मीही बोललो नाही हे खरं. माझ्या तोंडात नळ्या होत्या. तुझ्या तोंडात काय होतं?

नाक शिंकरण्यात शहाणपण नव्हतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलंय, तू परत सांगू नको. मला ते आत ठेववत नव्हतं. अंथरुणावर पडलो की वाटायचं, तोंडात कुणीतरी निजलंय. हे तुला पुस्तकात सापडणार नाही.

आता उजवी बाजू रिकामी. डावी तशीच आहे, तिकडं काही दुखत नाही. मला दोन गोष्टी हव्यात. डावीकडची काढता येते का, ते खरं लिही. आणि त्या दिवशी तुझे सर माझ्यासमोर बसून जे बोलले ते सगळं मराठीत लिही. पहिल्या शब्दापासून. गाळलंस तर मला कळेल, ते किती वेळ बोलले ते मला आठवतंय.

सोपान


बंगळूर
१३ मार्च २००२

आप्पा,

सर म्हणाले होते: "तुमच्या वरच्या जबड्याचं हाड खूप झिजलंय. त्याला जाड करायचे दोन मार्ग आहेत. एक, तुमच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून इथं भरायचा. ते तुमचंच असल्यानं उत्तम धरतं, पण कमरेला वेगळी चिरफाड, काही आठवडे लंगडावं लागेल, शेतकरी माणसाला ते जड जाईल. दुसरा, बाटलीतली पावडर, ती गाई-बैलांच्या हाडापासून बनते, परदेशातून येते. कमरेला हात लावावा लागत नाही. तुमच्या धर्माला, मनाला ते चालतं का, ते तुम्ही सांगायचं. काहीच न करता कवळीवर राहणं, हाही मार्ग आहे, त्यात लाज नाही. कातडं फाटू शकतं, पू होऊ शकतो, सगळं वायाही जाऊ शकतं. विचार करा, घाई नाही. तुमची मुलगी आमच्याकडे शिकते म्हणून हो म्हणू नका."

मी सांगितलं होतं: "हाड कमी आहे, हाडाची पावडर भरणार आहेत. मग खिळे बसतील."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम गाळलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं होतं.

डावीकडचं. काढता येईल. पुन्हा खिडकी पाडून खरवडावं लागेल. पण आता तिथं तुमचं स्वतःचं हाड त्या पावडरीच्या कणांत शिरायला लागलंय. कण पूर्ण जात नाहीत, वर्षानुवर्षं राहतात, पण त्यांच्याभोवती, त्यांच्यामधून जे वाढतंय ते तुमचंच. काढायचं तर दोन्ही निघेल. धोका आहे, पण उजवीकडच्यासारखा नाही. या वेळी मी ठरवत नाही. तुम्ही काढा म्हणालात तर मी स्वतः पुण्याच्या डॉक्टरांशी बोलते. ठेवा म्हणालात तर ठेवतील. विचारतेय, आप्पा. काय करू?

आता माझ्या माजाचं. तुमचं पुण्यातलं ऑपरेशन रविवारी झालं. एमडीएसची परीक्षा त्याच रविवारी होती, इथं, सकाळी. मी तुमच्या सलाईनकडं बघत बसले होते. आईला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नव्हते. तोंड उघडलं असतं तर हेच बाहेर आलं असतं, त्या वॉर्डात, सगळ्यांसमोर. तुम्ही न्हाणीत नाक शिंकरत होता, आणि इकडं माझं वर्ष गेलं. खिडकीकडं तोंड करून उभी होते, कारण मागं वळले असते तर तुमच्या सुजलेल्या गालावर ओरडले असते. आजारी बापावर ओरडायचं नाही एवढं मला कळतं. पाया पडायला वाकवलं नाही. खोटं वाकण्यापेक्षा ते बरं.

पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे. तोवर इथंच एका दवाखान्यात काम बघितलंय. ओझरच्या लोकांना तुम्ही काय सांगितलंत, मला माहीत नाही. माझं उत्तर बदललेलं नाही.

स्नेहल


अवसरी बुद्रुक
२१ एप्रिल २००२

स्नेहल,

तुझं पत्र मिळून महिना झाला. उत्तर नाही म्हणून तू घाबरलीस, असं आई म्हणाली. घाबरायला काय झालं? मला वेळ लागला. तुझ्या सरांनीच म्हटलंय ना, घाई नाही.

परीक्षेचं वाचलं तेव्हा मी गोठ्यात होतो. पत्र घेऊन तसाच बसलो. मग उठलो आणि आईवर ओरडलो, हिला माहीत असणार म्हणून. तिला माहीत नव्हतं. तीच माझ्यावर उलटली. "आता तरी त्या ओझरवाल्याकडं जाता का मी जाऊ?" म्हणाली. तुझी आई कधी असं बोलत नाही.

गेलो मग. एसटीनं नारायणगाव आणि तिथून ओझर. गेणभाऊ मळ्यातल्या घरी होता. ऋषीही घरीच होता, रविवार होता. मी उभ्यानंच सांगितलं, "मी पोरीला न इचारता बोललो. ती न्हाई म्हनतीया. माझा शब्द मी माघारी घेतो." आयुष्यात पहिल्यांदा घेतला. तोंडातनं निघेना. गेणभाऊ काय सोडतोय? हाताला धरून खाली बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "सोपानराव, घाटात तुमचा शब्द पडला की लोक निकाल मानत्यात. आता पोरगी सांगती तसं नाचायचं का?" म्हणत होता ते खरंच होतं.

पण मग ऋषी बोलला. चहाची बशी हातात, आणि शांतपणे. "काका, जाऊ द्या. तिला शिकताना तीन वर्षांत कळंल. पोरींच्या हाताला हाडाचं काम झेपत न्हाई. तुमची उजवी बाजू गेलीच ना शेवटी."

मी माझी बशी खाली ठेवली. म्हटलं, "उजवी माझ्या अकलेनं गेली. डाव्या बाजूचे टाके माझ्या लेकीनं घातले. मी घाटात दिवसभर वरडलो, नाक फुटस्तोवर शिंकरलं, तरी तिकडची शिवण उसवली न्हाई. तिचा हात कसा हाये, ते मला इचार. माझ्या जबड्यात हाये तिचा हात. तुझा कुठं हाये?"

मग गेणभाऊ पण उठला, मी पण उठलो. घाटात शेजारी शेजारी उभं राहून निम्मं आयुष्य गेलं आमचं, ते तिथं संपलं. तो मला वेशीपर्यंत पोचवायला आला नाही. एसटीची वाट बघत मी उन्हात उभा होतो आणि मला तुझाही राग येत होता. खोटं कशाला लिहू? तुझ्यापायी मी त्या माणसाच्या दारात मान खाली घालून उभा राहिलो. आणि तुझ्यापायीच मान वर करून निघालो. दोन्ही तुझ्याच पायी. राग कुठल्या गोष्टीचा धरावा, तेही धड कळू देत नाहीस.

आता डाव्या बाजूचं. मी रोज जीभ तिथं लावून बघतो. आधी वाटायचं तसं आता वाटत नाही. राहू दे. बैलाचं होतं ते बैलाचं होतं, मी त्याची माफी मागितली, कुणाची आणि कशी ते तुला सांगणार नाही. पण त्यात शिरून जे वाढलंय ते माझं आहे असं तू लिहिलंस. माझं ते मी खरवडू देणार नाही.

खिळे मात्र आता बसवून घेणार नाही. पुण्यात नाही, बंगळूरला तुझ्या सरांकडंही नाही. ते भले माणूस आहेत, माझा नमस्कार सांग, आणि सांग की त्यांचं सगळं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं, उशिरा पोचलं. तूर्त कवळी घालीन. हसणाऱ्यांनी हसावं. पुढच्या यात्रेत मीच माईकवर आधी सांगणार आहे, कवळी निसटली तर ज्याच्या पायाशी पडेल त्यानं धुऊन आणून द्यावी म्हणून.

तू परीक्षेला बस. नंबर लागेल. नाही लागला तर परत बस. शिकून सर्जन हो, मग माझी उजवी बाजू तू कर. पावडर नको. माझ्या कमरेचं हाड काढ. लंगडलो तर लंगडेन, त्यासाठी शेताला सुट्टी देईन.

पण त्या दिवशी मला खुर्चीवर बसवायच्या आधी माझ्यासमोर येऊन बसायचं. काय कापणार, काय काढणार, काय घालणार, काय वाया जाऊ शकतं, सगळं सांगायचं. मराठीत, आणि आईलाही शेजारी बसवून, तिला पण विचारायचं. मी नाही म्हणालो तर सुरी खाली ठेवायची आणि तोंड वाकडं करायचं नाही.

आणि हो म्हणालो, तर हात थरथरू द्यायचा नाही.

तुझा,
आप्पा